दोन सायकलींनंतरचा स्कॅन

‘मामा, पाचपैकी तीन म्हणजे पास की नापास?’

माझ्या भाच्याचा हा प्रश्न. वय सत्तावीस, हिंजवडीच्या फेज टूमध्ये नोकरी, आणि हातात पेट स्कॅनचा दोन पानी रिपोर्ट. त्यातली बाकीची वाक्यं त्याला समजली नव्हती, मला तर त्याहून कमी. पण शेवटच्या ओळीत ‘दोव्हील स्कोअर ३’ असं होतं आणि कंसात ‘पाचपैकी’ असंही होतं. पहिलीपासून गुणांवर वाढलेल्या पिढीला गुण म्हटले की पास-नापासच सुचणार. डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनंतरची होती. मी वैद्यक शिकलेलो नाही, पण ते दोन दिवस आणि त्यानंतरचे काही महिने मी या एका आकड्यामागे होतो. तो आकडा कुठून येतो, तो काय सांगू शकतो आणि कुठं गप्प बसतो, हे या लेखात मांडतो आहे.

आजार हॉजकिन्स लिम्फोमा. लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींच्या पेशींचा कर्करोग. गळा, काख, जांघ, छातीचा मधला भाग, पोट असा या ग्रंथींचा पसारा सगळ्या शरीरभर असतो. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये शवविच्छेदनं करणाऱ्या थॉमस हॉजकिनने १८३२ साली फुगलेल्या ग्रंथी आणि प्लीहा असलेल्या काही रुग्णांचं वर्णन मांडलं. त्या वेळी कुणी फारशी दखल घेतली नाही. पुढं १८६५मध्ये त्याच हॉस्पिटलच्या सॅम्युएल विल्क्सने आजाराला हॉजकिनचं नाव दिलं. लिम्फोमाचे प्रकार डझनांनी आहेत आणि हॉजकिन्स हा त्यातला लहान वाटा. पण तो तरुणांना गाठतो. दुपारी एकच्या सुमारास हिंजवडीत गळ्यात ओळखपत्रं अडकवून वडापावच्या गाडीपाशी जी गर्दी उभी असते, नेमकं ते वय. दिलासा एवढाच, की बरा होणाऱ्या कर्करोगांच्या यादीत तो बराच वर आहे.

भाच्याच्या निदानाला उशीर झाला. गळ्याच्या डाव्या बाजूला गाठ, संध्याकाळची कणकण, रात्री उशी भिजेल असा घाम, सहा किलो वजन कमी. आपल्याकडे याला पूर्वापार एक नाव आहे: गंडमाळ. आणि गंडमाळ म्हटलं की टीबी. एका डॉक्टरांनी सुईने पाणी काढून तपासलं, काही ठाम निघालं नाही, आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. तीन महिने गेले, गाठ वाढतच राहिली. मग पूर्ण ग्रंथी काढून बायोप्सी झाली तेव्हा खरं नाव कळलं. त्या डॉक्टरांवर मी तेव्हा चिडलो होतो, आता तितका नाही. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. दारात उभा असलेला पाहुणा ओळखीचाच असणार असं कुणालाही वाटेल. टीबीचा हा धागा लक्षात ठेवावा, कारण पुढं तो स्कॅनमध्येही येतो.

उपचार ठरले: एबीव्हीडी. चार औषधांची ही जोडणी मिलानच्या जानी बोनादोन्ना यांनी १९७०च्या दशकात बसवली. पहिलं औषध ॲड्रियामायसिन, लालभडक, नाव ॲड्रियाटिक समुद्रावरून. दुसरं ब्लिओमायसिन, जपानच्या हामाओ उमेझावांनी मातीतल्या जिवाणूंपासून मिळवलेलं. तिसरं व्हिन्ब्लास्टिन, आणि ते आपल्या अंगणातल्या सदाफुलीच्या कुळातलं. मधुमेहावर सदाफुलीची पानं चावणारे लोक आपल्याकडे आजही आहेत. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हाच साखरेचा समज तपासत होते. साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी उतरल्या, आणि त्यातून १९५८मध्ये हे औषध हाती आलं. चौथं डकार्बाझिन. दर पंधरा दिवसांनी एक डोस, दोन डोस म्हणजे एक सायकल. वाढलेल्या आजारात एकूण सहा सायकली, म्हणजे सहा महिने.

यातल्या ब्लिओमायसिनला एक खोड आहे. ते काही जणांच्या फुप्फुसांना इजा करतं, आणि क्वचित ती जिवावर बेतते. ॲड्रियामायसिनचं ओझं हृदयावर पडतं. म्हणजे बरं होणाऱ्या आजारात प्रश्न दुहेरी असतो. कमी औषध दिलं तर आजार उलटेल, जास्त दिलं तर बरा झालेला पोरगा पुढची पन्नास वर्षं त्याची किंमत मोजेल. कुणाला किती पुरे, हे आधी कळलं तर?

आधी कळावं म्हणून प्रयत्न झाले होते. १९९८मध्ये हासेनक्लेव्हर आणि सहकाऱ्यांनी सात गोष्टींचा एक गुणांक काढला: वय, लिंग, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन, पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइट्स आणि आजाराचा टप्पा. पण ही सगळी माहिती उपचार सुरू होण्यापूर्वीची. तांदूळ बघून भात कसा होईल ते सांगण्यासारखं. औषध या माणसाच्या अंगात प्रत्यक्ष काम करतं आहे का, हे त्यात कुठंच नाही. त्यासाठी भात चुलीवर असतानाच शीत दाबून बघायला हवं.

सीटी स्कॅनने ते नीट होत नाही, कारण सीटी आकार दाखवतो. हॉजकिन्सच्या गाठीची रचना चमत्कारिक आहे. तिच्यात खऱ्या कर्करोगी पेशी, ज्यांना रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात, शेकडा एखाद-दोनच असतात. बाकी सगळी त्यांनी भोवती जमवलेली बघ्यांची गर्दी: प्रतिकारशक्तीच्या साध्या पेशी, आणि त्यांना बांधून ठेवणारे तंतू. केमोनंतर मारायचं ते मेलं तरी तंतूंचा गोळा मागं राहतो. सीटीवर गाठ ‘अजून चार सेंटिमीटर’ दिसते आणि घरचे हबकतात. ती जिवंत आहे की नुसतं व्रण उरलेलं आहे, हे आकारावरून सांगता येत नाही.

पेट स्कॅन आकाराऐवजी भूक दाखवतो. (आपल्याकडे हे नाव ऐकून पुष्कळांना तो पोटाचा स्कॅन वाटतो. भाच्याच्या आजीने ‘गाठ गळ्यात आणि तपासणी पोटाची का?’ असं विचारलंच.) बर्लिनमध्ये ओटो वारबुर्गने १९२०च्या दशकात दाखवलं होतं की कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारखी खातात. त्या निरीक्षणाचा उपयोग करायला पन्नास वर्षं लागली. ग्लुकोजच्या रेणूतला एक भाग बदलून तिथं किरणोत्सारी फ्लोरिन बसवला की एफडीजी नावाचं औषध होतं. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पहिली प्रक्रिया करते, पण पुढची पायरी जमत नाही. रेणू आतच अडकतो. अडकलेल्या फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन सुटतो, जवळच्या इलेक्ट्रॉनशी भिडून नाहीसा होतो आणि दोन किरण बरोबर विरुद्ध दिशांना निघतात. भोवतीच्या कड्यातले संवेदक ते एकाच क्षणी टिपतात आणि ‘या रेषेवर कुठंतरी’ अशी नोंद करतात. अशा लाखो रेषांतून चित्र तयार होतं. माणसाला एफडीजी प्रथम दिलं गेलं ते ऑगस्ट १९७६मध्ये, फिलाडेल्फियात, अबास अलावी यांच्या विभागात. औषध बनलं होतं ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत आणि तिथून ते विमानाने आणलं होतं.

विमानाची घाई का, तर फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटं आहे. पावणेदोन तासांहून जरा जास्त वेळ गेला की माल निम्मा, अजून तेवढाच गेला की पाव. हे औषध साठवता येत नाही. सायक्लोट्रॉनमध्ये तयार करायचं आणि गाडीत घालून पळवायचं. हिंजवडीकराला अर्धायुष्य समजावून सांगायला लागत नाही. पावसाळी संध्याकाळी फेज थ्रीहून निघून वाकडच्या पुलापर्यंत येताना ते डोळ्यांदेखत संपत जातं. आपल्याकडे हे तंत्र पहिल्यांदा आलं ते मुंबईत, परळला. अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर तिथं १९६३पासून टाटा मेमोरियलच्या आवारात आहे. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२मध्ये तिथं सुरू झाला, आणि पेट व सीटी एकत्र असलेलं देशातलं पहिलं यंत्र २००४च्या अखेरीस टाटा मेमोरियलमध्ये बसलं. त्याआधी लिम्फोमाच्या भारतीय रुग्णाला गाठीची भूक बघण्याची ही सोय नव्हतीच.

आता मधला स्कॅन. इटली आणि डेन्मार्कच्या डॉक्टरांनी, आंद्रेआ गालामिनी आणि मार्टिन हचिंग्ज यांनी, वाढलेल्या हॉजकिन्सच्या २६० रुग्णांचा दोन सायकलींनंतर पेट स्कॅन केला आणि निकालाकडे न बघता ठरलेले उपचार बहुतेक तसेच चालू ठेवले. २००७मध्ये आकडे छापून आले. ज्यांचा स्कॅन विझलेला होता, त्यांपैकी ९५ टक्के लोकांचा आजार दोन वर्षांत उलटला किंवा वाढला नव्हता. ज्यांचा पेटलेला होता, त्यांच्यात हेच प्रमाण १२.८ टक्के. हासेनक्लेव्हरचा सात गोष्टींचा गुणांक या एका चित्रापुढं निष्प्रभ ठरला. वैद्यकात दोन गट इतके लांब क्वचित पडतात. असं का व्हावं, याचं एक स्पष्टीकरण मला पटतं. स्कॅनवर चमकते ती मुख्यतः बघ्यांची गर्दी. तिला बोलावणाऱ्या मूठभर पेशी मेल्या की गर्दी आपोआप पांगते आणि दिवे पटकन मालवतात. थोड्या पेशींचं मरण गर्दीच्या पांगण्यातून मोठं होऊन दिसतं.

पण ‘विझलेला’ कुणी ठरवायचं? एकाच चित्राला एक डॉक्टर स्वच्छ म्हणे, दुसरा संशयास्पद. म्हणून एप्रिल २००९मध्ये फ्रान्समधल्या दोव्हील या समुद्रकाठच्या गावी तज्ज्ञ जमले आणि त्यांनी पाच पायऱ्यांची पट्टी मान्य केली. तिची युक्ती मला फार आवडली. मोजमापासाठी बाहेरची पट्टी न घेता त्यांनी रुग्णाचंच शरीर घेतलं. गाठीच्या जागी काही चमक नसेल तर एक. चमक आहे, पण छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधल्या रक्ताहून जास्त नाही, तर दोन. रक्ताहून जास्त, पण यकृताहून जास्त नाही, तर तीन. यकृताहून मध्यम जास्त, चार. यकृताहून खूपच जास्त, किंवा नवीन जागी आजार, पाच. यंत्र वेगळं असो, माणूस जाडा-बारीक असो, गाठ आणि यकृत एकाच दिवशी एकाच चित्रात असतात, त्यामुळं तुलना घरातल्या घरात होते.

म्हणजे भाच्याची तीन नंबरची चमक त्याच्या स्वतःच्या निरोगी यकृताएवढी किंवा त्याहून कमी होती. हे कळल्यावर मला हायसं वाटलं. मग पुढचे निबंध वाचले आणि गोंधळ वाढला, कारण तिथं तीन कधी पास होता, कधी नापास. ब्रिटनच्या ‘रॅपिड’ चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचा तीन सायकलींनंतर स्कॅन केला. तिथं एक आणि दोनच पास. जर्मनांच्या ‘एचडी १८’ चाचणीत तीन आधी नापासात धरला होता, मग पुढच्या विश्लेषणात दिसलं की खरा धोका चारपासून सुरू होतो. ‘राथल’ नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तीनपर्यंत सगळे पास. बराच काळ मला हा निष्काळजीपणा वाटला. मग लक्षात आलं की रेघ कुठं ओढायची हे पुढं काय करणार यावर अवलंबून आहे. रॅपिडमध्ये पास झालेल्यांचं रेडिएशन वगळायचं होतं. उपचार काढून घ्यायचा तर परीक्षा कडक हवी. राथलमध्ये नापास झालेल्यांना बरंच जहाल औषध द्यायचं होतं. विनाकारण कुणाला ते मिळू नये, तर नापास ठरवायला पुरावा भक्कम हवा. तोच तीन, पण प्रश्न वेगळा म्हणून उत्तर वेगळं. कडक परीक्षा घेऊनही रॅपिडमध्ये रेडिएशन वगळण्याची थोडी किंमत पडलीच. तीन वर्षांनी आजार न वाढलेल्यांचं प्रमाण रेडिएशन घेतलेल्यांत ९४.६ टक्के, न घेतलेल्यांत ९०.८.

राथलचे आकडे २०१६मध्ये आले आणि भाच्याच्या दृष्टीने तीच कामाची चाचणी, कारण त्याचा आजार तिसऱ्या टप्प्यातला. दोन सायकलींनंतर १,११९ जणांचा स्कॅन झाला, ९३७ पास झाले. या ९३७ जणांत चिठ्ठी टाकून निम्म्यांना एबीव्हीडी पुढं चालू ठेवलं, निम्म्यांचं ब्लिओमायसिन काढून टाकलं. तीन वर्षांनी आजार न वाढलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ८५.७ टक्के, दुसऱ्यात ८४.४. फरक जवळजवळ नाही, आणि फुप्फुसांचा त्रास दुसऱ्या गटात कमी. एका स्कॅनच्या भरवशावर एक औषध खाली ठेवता आलं.

या आकड्यांतली दुसरी गोष्ट भाच्याला सांगायला मला जड गेलं. पास झालेल्यांतही साधारण सातात एकाचा आजार तीन वर्षांत परतला किंवा वाढला. २००७च्या निबंधातल्या ९५ टक्क्यांनी जी आशा लावली होती, ती मोठ्या चाचणीत थोडी खाली आली. यंत्राला अमुक एक संख्येखालच्या पेशी दिसतच नाहीत. विझलेल्या चुलीत राखेखाली निखारा असू शकतो आणि वरून हात फिरवून तो कळत नाही.

नापास झालेल्यांचं काय? राथलमध्ये त्यांना बीकॉप नावाची जहाल जोडणी दिली. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी ६७.५ टक्के लोकांचा आजार वाढलेला नव्हता. २००७च्या १२.८ शेजारी हा आकडा ठेवण्याचा मोह होतो, पण दोन्ही ठिकाणी रुग्ण वेगळे, नापासाची व्याख्या वेगळी, मुदतही वेगळी. सरळ वजाबाकी चुकीची ठरेल. तरी दिशा दिसते. ही भाकितं पत्रिकेतल्या भाकितांसारखी नाहीत, ती खोटी पाडण्यासाठीच केलेली आहेत. आणि बीकॉप फुकट मिळत नाही. त्यात जंतुसंसर्गाचा धोका मोठा, मूल होण्याची क्षमता जाण्याची शक्यता मोठी. पंचविशीतल्या मुलामुलींशी हे बोलणं केमोच्या पहिल्या डोसाआधी व्हायला हवं. घराघरांत ते संकोचापायी राहून जातं.

नापास रिपोर्ट हाती आला की घरचे कोसळतात, म्हणून त्याची दुसरी बाजू थोडी सविस्तर सांगतो. साखर फक्त कर्करोगच खात नाही. जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पेशीही खातात. पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन घेतलं असेल तर सगळी अस्थिमज्जा चमकते. तरुणांमध्ये केमोनंतर छातीतली थायमस ग्रंथी पुन्हा फुगते आणि उजळते. खोली थंडगार असेल तर गळ्याजवळची तपकिरी चरबी पेटते. म्हणून तर इंजेक्शनच्या आधी सहा तास उपाशी ठेवतात, रक्तातली साखर बघतात, आणि नंतर तासभर न बोलता, न हलता पडून राहायला सांगतात. स्कॅन केमोनंतर लगेच करत नाहीत, दहा दिवस ते दोन आठवडे जाऊ देतात. आणि आपल्याकडे या सगळ्यावर टीबी. टीबीची ग्रंथी स्कॅनवर लिम्फोमाइतकीच झगझगीत दिसू शकते. केमोने प्रतिकारशक्ती खाली आलेली असते आणि झोपलेला टीबी अशाच वेळी डोकं वर काढतो. जुन्या सगळ्या गाठी विझल्या आणि पूर्वी आजार नव्हता अशा जागी एकच नवी उजळली, तर पट्टीनुसार गुण पाच. पण अशा वेळी अनुभवी डॉक्टर उपचार बदलण्याआधी तिथला तुकडा काढून बघायला सांगतात. ज्या टीबीने भाच्याचे सुरुवातीचे तीन महिने खाल्ले, तोच मध्यावर उलटी फसवणूक करू शकला असता. आधी कर्करोग टीबीसारखा दिसला, आता टीबी कर्करोगासारखा.

हे फक्त आपल्यापुरतं नाही. मोठ्यांमध्ये हॉजकिन्सहून जास्त आढळणारा डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा घ्या. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंगमध्ये २०१०च्या एका अभ्यासात मधला स्कॅन नापास झालेल्या ३८ जणांची बायोप्सी केली. ३३ जणांत कर्करोग सापडलाच नाही. त्या आजारात गर्दी पांगण्याचा तो खेळ नसतो, आणि मरत्या गाठीभोवतीची सूजही चमकते. जर्मनीच्या ‘पेटल’ चाचणीत लिम्फोमाच्या ८६२ रुग्णांपैकी १०८ जण मधल्या स्कॅनमध्ये नापास झाले. त्यांचं पुढं खरोखरच वाईट चाललं, म्हणजे भाकीत बरोबर होतं. पण त्यांना जहाल औषधांवर नेऊन फायदा झाला नाही, त्रास तेवढा वाढला. भाकीत खरं असूनही हाती काही नव्हतं. तिथं मधला स्कॅन करून उपचार आपोआप बदलण्याची प्रथा म्हणूनच रुळली नाही. ‘मधला स्कॅन भविष्य सांगतो’ हे वाक्य ऐकलं की आता मी आधी विचारतो: कुठल्या लिम्फोमात, कुठल्या औषधावर, आणि सांगितल्यावर करणार काय?

औषधंही बदलत आहेत. २०२४मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीला मोकळं करणारं औषध सुरुवातीपासून दिलं, तेही मधल्या स्कॅनवरून उपचार न बदलता, आणि निकाल उत्तम आले. त्याच वर्षी जर्मनांनी बीकॉपची सौम्य केलेली नवी जोडणी छापली. तिथं मात्र चार सायकली की सहा, हे दुसऱ्या सायकलीनंतरचा स्कॅनच ठरवतो. पुढं मधल्या स्कॅनची गरज राहील का, याचं उत्तर औषधांच्या किमतीतही दडलेलं आहे. नवी औषधं ज्यांच्या आवाक्याबाहेर आहेत त्यांच्यासाठी एबीव्हीडी आणि दोन सायकलींनंतरचा एक चांगला, नीट वाचलेला स्कॅन हीच अजून बरीच वर्षं सोय राहणार, असं मला वाटतं. त्यासाठी उपचारापूर्वीचा पहिला स्कॅनही लागतो, कारण तुलना त्याच्याशी करायची असते. खर्च वाचवायला तोच वगळला जातो.

दोन दिवसांनी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, पडद्यावर दोन्ही स्कॅन शेजारी लावले आणि आधी यकृत दाखवलं, मग गाठ. ‘हे बघ, तुझं यकृत जास्त उजळ आहे.’ भाच्याने पास की नापास विचारलं नाही. त्याने विचारलं, ‘सातात एक म्हणजे मी कोण, हे कधी कळेल?’ डॉक्टर म्हणाले, ‘बहुतेकांचा परतायचा असेल तर दोन-तीन वर्षांत परततो. तोवर तू येत राहायचं, आम्ही बघत राहायचं.’

पाचव्या डोसाच्या कागदावर ब्लिओमायसिनच्या ओळीवर आडवी रेघ मारलेली होती. त्या दिवशी डे-केअरमध्ये तीनच औषधं लागली, आणि आम्ही वाकडची गर्दी सुरू व्हायच्या आत घरी पोचलो.